एकाच छपराखालचे संगणक

ज्या घरात दोन किंवा अधिक संगणक नांदतात, त्या घरात एका यंत्रावरील फाइल दुसऱ्या यंत्रावर न्यावयाची झाल्यास आजही बहुधा दोनच मार्ग अवलंबिले जातात. एक पेनड्राइव्हचा, म्हणजे फाइल खिशात घालून या खोलीतून त्या खोलीत चालत जाण्याचा. आणि दुसरा, ती फाइल स्वतःलाच ई-मेलने धाडण्याचा अथवा व्हॉट्सॲपवर टाकण्याचा, ज्यात पाच पावलांवरच्या यंत्राकडे निघालेला मजकूर प्रथम शहराबाहेरच्या, कित्येकदा देशाबाहेरच्याही, कोठल्याशा सर्व्हरवर जाऊन मग माघारी येतो. तिसरा मार्ग भिंतीवर टांगलेल्या राउटरच्या रूपाने घरात आयताच हजर असतो. त्या राउटरचे मासिक बिल आपण इंटरनेटसाठी भरतो हे खरे; परंतु घरातल्या घरात यंत्रायंत्रांचे दळणवळण घडवून आणण्यास त्याला इंटरनेटची यत्किंचितही आवश्यकता नसते, आणि रस्त्याच्या खोदाईत बाहेरची केबल तुटून पडली असली तरी माजघरातल्या संगणकावरील लग्नाची छायाचित्रे दिवाणखान्यातल्या लॅपटॉपवर सुखेनैव पाहता येतात. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आणि ज्यांस ठाऊक असते, त्यांतील पुष्कळांनी एकदोनदा खटपट करून, 'आमचे वायफायच वाईट' असा निकाल देऊन तो नाद सोडलेला असतो.

हा निकाल बहुतांशी अन्यायाचा आहे. तार ओढली म्हणजे बोलणे कोणाकडून कोणाकडे जावयाचे हे तारच ठरवून टाकते. हवेत सोडलेल्या लहरीला मात्र असा काही मार्ग आखून दिलेला नसतो, ती घरातल्या सर्व यंत्रांच्या आणि शेजाऱ्याच्याही यंत्रांच्या कानी पडते. म्हणून कोणी केव्हा बोलावे, कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी, आणि हाक ऐकणाऱ्याने कोणाला काय व किती द्यावे, हे सारे नियमांनी बांधून घ्यावे लागते. बिनतारी दळणवळणाची विद्या लहरींची आहे त्याहून अधिक या नियमांची आहे. आणि घरगुती व्यवहारात जेथे घोडे अडते ते स्थळ लहरींच्या प्रांतात क्वचित, अधिकाराच्या प्रांतात बहुधा असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुळात या लहरी वापरण्याची मुभाच सामान्य माणसाला फार उशिरा मिळाली. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यान्वये बिनतारी यंत्र बाळगण्यास सरकारी परवाना लागे, आणि साधा रेडिओ ऐकणाऱ्या गृहस्थालाही पोस्टात जाऊन त्या परवान्याचे शुल्क भरावे लागे, हे वयस्कर वाचकांच्या स्मरणात असेलच. नुसते ऐकण्याला जेथे परवाना, तेथे प्रक्षेपणाची गोष्ट बोलावयास नको! या शिरस्त्याला पहिले खिंडार पडले ते अमेरिकेत. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ साली तीन पट्टे, त्यांत २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा एक, विनापरवाना दळणवळणासाठी खुले केले. अट एवढीच, की प्रक्षेपकाने आपली शक्ती एका बिंदूवर न एकवटता विस्तृत पट्ट्यावर पसरून सोडावी. हे औदार्य वाटते तितके निर्भेळ नव्हते. कारखान्यांतील विद्युत्भट्ट्या, रुग्णालयांतील उपकरणे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह यांच्या गोंगाटाने ते पट्टे आधीच भरलेले असून सभ्य दळणवळणाच्या दृष्टीने ते टाकाऊ समजले जात. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापविणारी लहर २.४५ गिगाहर्ट्झची, म्हणजे नेमकी याच पट्ट्यातली असते. तेव्हा दूध तापत असता कोणाची फाइल मध्येच रेंगाळली तर त्यात अद्भुत काहीच नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बराच मोठा प्रदेश २०१८ साली खुला करण्यात आला. परवान्याची अट गेली तसा परवान्याबरोबर येणारा संरक्षणाचा हक्कही गेला. शेजाऱ्याच्या राउटरने आपल्या लहरींत व्यत्यय आणला तर त्याविरुद्ध दाद मागण्यास कोणतीही कचेरी नाही.

अशा सामाईक प्रदेशात शिस्त कशी राखावी, या प्रश्नाचे पहिले सुबोध उत्तर प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर शोधले गेले. हवाई विद्यापीठाचा मुख्य परिसर ओआहू बेटावर होनोलुलूजवळ, इतर महाविद्यालये दुसऱ्या बेटांवर, आणि मध्ये समुद्र. मुख्य परिसरातील मोठा संगणक दूरच्या लोकांना वापरता यावा तर त्या काळच्या टेलिफोनच्या तारा महाग आणि संगणकांच्या बोलण्याला अयोग्य. नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक त्या विद्यापीठात होते. समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होण्याचा त्यांना मोठा शौक, आणि हवाईची ओढ त्यांना लागली त्याचे एक कारण हा शौकच होय, असे सांगतात. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रेडिओलहरींवर चालणारी 'अलोहा' नावाची जी योजना उभारली, ती जून १९७१ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यात दोन वाहिन्या होत्या. एका वाहिनीवरून मध्यवर्ती केंद्र सर्वांना उद्देशून बोले, आणि दुसरीवरून सर्व दूरस्थ यंत्रे केंद्राशी बोलत. पहिल्या वाहिनीवर बोलणारा एकच, म्हणून तेथे तंटा नाही. दुसरीवर बोलणारे अनेक आणि त्यांना परस्परांचा पत्ताही नाही, म्हणून सारी कल्पकता तेथे खर्ची पडली.

प्रत्येकाला दिवसातील काही वेळ नेमून देणे हा उपाय कोणाही व्यवस्थापकास प्रथम सुचेल; परंतु पडद्यासमोर बसलेला मनुष्य एक ओळ टंकित करून पुढे मिनिटभर विचार करीत बसतो, आणि त्याला नेमून दिलेला वेळ फुकट जातो. अब्रॅमसन यांनी नेमणूकच काढून टाकली. ज्याला बोलावयाचे असेल त्याने कोणास न विचारता आपला मजकूर ८० अक्षरांपर्यंतच्या लहानशा पुडक्यात बांधून हवेत सोडून द्यावा. तो केंद्राला धडपणे पोहोचला तर केंद्र तशी पोच देईल. ठरावीक अवधीत पोच आली नाही तर दुसऱ्या कोणाच्या पुडक्याशी आपल्याची टक्कर झाली असे समजावे, थोडे थांबावे, आणि तेच पुडके पुन्हा पाठवावे. किती थांबावे हे मात्र प्रत्येकाने यदृच्छेवर सोपवावे. या शेवटच्या अटीतच सगळे मर्म आहे, कारण टक्कर झालेले दोघेही सारखेच थांबले तर ते सारख्याच क्षणी पुन्हा बोलू लागतील आणि पुन्हा आदळतील, असे अनंतकाळ चालेल. अनियमितपणा हाच येथे नियम झाला. गणित मांडून अब्रॅमसन यांनी दाखविले की या पद्धतीत वाहिनीचा फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागू शकतो. पुढे १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे समान तुकडे पाडून, बोलण्याचा आरंभ तुकड्याच्या आरंभीच करावा असा निर्बंध सुचविला, तेव्हा ते प्रमाण बरोबर दुप्पट झाले. चार-पंचमांश वेळ वाया घालविणारी ही व्यवस्था कोणा काटकसरी मनुष्यास हास्यास्पद वाटेल. पण तिला वेळापत्रक नको होते, अध्यक्ष नको होता, आणि नवे यंत्र दाखल होताना जुन्यांची संमतीही नको होती. घराघरांतील राउटरला आज हेच गुण उपयोगी पडत आहेत.

कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी ही कल्पना उचलली आणि १९७३ साली ती तारेवर आणून 'ईथरनेट' निर्माण केले. त्यांनी दोन सुधारणा केल्या: बोलण्यापूर्वी कान देऊन वाहिनी मोकळी आहे का ते पाहावे, आणि बोलत असतानाही ऐकत राहून टक्कर झाल्याचे लक्षात येताच तत्क्षणी थांबावे. पुढे ही कल्पना तारेवरून पुन्हा हवेत आणण्याची वेळ आली तेव्हा यातील पहिली सुधारणा टिकली, दुसरी टिकली नाही. कारण बिनतारी यंत्राचा स्वतःचा आवाज त्याच्या स्वतःच्या ग्राहकाला इतका प्रचंड लागतो की दूरच्याचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो, आणि बोलता बोलता ऐकणे अशक्य होते. म्हणून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ८०२.११ या मानकाने, ज्याचा अवतार आज वायफाय या नावाने सर्वतोमुखी आहे, टक्कर ओळखण्याऐवजी टाळण्याचा मार्ग धरला. यंत्राने प्रथम ऐकावे. वाहिनी मोकळी झाल्यावरही लगेच उडी न घेता एक यादृच्छिक आकडा मनात धरून तो उलटा मोजीत शून्यावर यावे, आणि मग बोलावे. प्रत्येक पुडक्याची पोच घ्यावी. पोच न आल्यास पुढच्या वेळी आकडा दुप्पट मोठ्या मर्यादेतून निवडावा. ही मोजणी एका सेकंदाच्या लक्षांशाच्या मापाने चालते, म्हणून आपणांस ती जाणवत नाही. परंतु वायफायच्या खोक्यावर छापलेला वेग आणि प्रत्यक्ष पदरात पडणारा वेग यांत जी तफावत असते तिचा मोठा भाग या ऐकण्यात, थांबण्यात आणि पोच घेण्यात गेलेला असतो.

उरलेल्या तफावतीचे एक कारण इतके साधे आहे की ते सहसा कोणी सांगत नाही. एकाच खोलीत एकमेकांना टेकून ठेवलेले दोन लॅपटॉप राउटरद्वारा जोडलेले असताना परस्परांशी थेट बोलत नाहीत. पहिला राउटरला सांगतो, राउटर दुसऱ्याला सांगतो. आणि दोन्ही वेळा वाहिनी तीच असल्याने एकच पुडके हवेतून दोनदा जाते व वेग निम्म्यावर येतो. याचा हिशेब करून पाहावा. २००३ सालच्या मानकानुसार बनलेल्या, आजही कित्येक घरांत तग धरून असलेल्या राउटरचा छापील वेग सेकंदाला ५४ मेगाबिट. त्यातले प्रत्यक्षात सुमारे २० ते २५ हाती येतात. दोन्ही यंत्रे बिनतारी असतील तर त्याच्या निम्मे, म्हणजे फार तर १२. शिवाय राउटरवाला बिटांत बोलतो आणि फाइलचे आकारमान बाइटांत असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून त्या १२ चे झाले दीड मेगाबाइट. चार गिगाबाइटची लग्नाची चित्रफीत या वेगाने जावयास पाऊण तास लागतो. त्याच दोन यंत्रांना आजची साधी नेटवर्क केबल जोडली तर ते काम पाऊण मिनिटात उरकते. ज्याला नवा राउटर घ्यावयाचा नाही त्याने निदान दोहोंपैकी एक यंत्र, विशेषतः ज्यावर फायलींचा साठा आहे ते, केबलने राउटरला जोडावे, म्हणजे हवेतील एक फेरी वाचून वेग जवळजवळ दुप्पट होतो. हजारो लहान फायली पाठविताना प्रत्येक फाइलसाठी उघडण्याची, नोंदण्याची आणि मिटण्याची निराळी बोलणी होतात, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलपेक्षा त्यांना कितीतरी अधिक वेळ लागतो. सबंध फोल्डरची एक झिप फाइल करून पाठविण्याची युक्ती येथे कामास येते. राउटरला वगळून दोन यंत्रांनी थेट बोलण्याचीही सोय आहे: ॲपलने २०११ मध्ये आणलेले एअरड्रॉप ब्लूटूथने फक्त ओळख पटविते आणि मालाची ने-आण मात्र थेट वायफायने करते.

भिंतींविषयी थोडक्यात सांगितलेले पुरे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सहा. आखूड लहर अधिक माल वाहते पण भिंतीपाशी लवकर थकते. विटांच्या भिंतीतून दोन्ही जातात, सळ्या घातलेल्या काँक्रीटमधून कष्टाने जातात, आणि लोखंडी कपाटापुढे व पाण्याच्या टाकीपुढे हात टेकतात. राउटर कपाटाच्या माथ्यावर अथवा दूरदर्शन संचाच्या पाठीमागे दडवून ठेवणारे गृहस्थ सौंदर्यदृष्टीची किंमत वेगात मोजत असतात. २.४ च्या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या मोजल्या जातात खऱ्या, परंतु त्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या आहेत की १, ६ आणि ११ एवढ्या तीनच परस्परांना त्रास न देता नांदू शकतात; सोसायटीतल्या दाट वस्तीत ज्याचे दोन्ही संगणक ५ गिगाहर्ट्झवर बोलू शकतात, त्याने तोच पट्टा पत्करावा.

आता नावाचा प्रश्न. घरातले प्रत्येक यंत्र राउटरकडून एक अंकी पत्ता मिळविते, जो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका करारान्वये हे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले आहेत, म्हणजे तुमच्या घरातला आणि कोल्हापुरातल्या तुमच्या मेहुण्याच्या घरातला पत्ता अगदी तंतोतंत एकच असला तरी बिघडत नाही, कारण तो उंबरठ्याबाहेर पडतच नाही. पण हा पत्ता आज एक तर उद्या दुसरा असू शकतो, म्हणून यंत्रे एकमेकांना नावाने शोधतात: ज्याला फाइल हवी ते यंत्र सर्वांना उद्देशून 'अमुक नावाचा कोण आहे?' असे विचारते आणि त्या नावाचे यंत्र उत्तर देते. विंडोजमध्ये हे उत्तर देणे न देणे मालकाच्या एका निवडीवर अवलंबून असते. नवे नेटवर्क जोडताना ते 'खाजगी' की 'सार्वजनिक' असा जो प्रश्न येतो, आणि ज्याला आपण घाईने काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतो, तोच येथे निर्णायक आहे. सार्वजनिक म्हटले की संगणक रेल्वे स्थानकावर बसल्यासारखे मौन धारण करतो, मग प्रत्यक्षात तो तुमच्या स्वतःच्या देवघराशेजारी का असेना. तसेच एक यंत्र राउटरच्या मुख्य नेटवर्कवर आणि दुसरे पाहुण्यांसाठीच्या, म्हणजे 'गेस्ट', नेटवर्कवर असेल तर दोघांची भेट कधीच होणार नाही. पाहुण्याने दिवाणखान्यातच राहावे हाच त्या नेटवर्कचा उद्देश आहे.

पाळी मिळाली, नावही सापडले. तरी दारात उभ्या असलेल्याला आत घेण्याचा अधिकार हा विषय शिल्लक राहतो, आणि बहुतेक घरांतली खटपट येथेच संपुष्टात येते. ज्या भाषेत संगणक एकमेकांकडे फाइल मागतात ती, एसएमबी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी, भाषा आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास रचली. मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली, आणि १९९२ च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'पासून ती सामान्य मेजांवर आली. तिचे व्याकरण मायक्रोसॉफ्टने दीर्घकाळ पूर्णपणे उघड केले नव्हते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या तरुणाने तारेवरून जाणारी संभाषणे नुसती ऐकून, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते याची जुळणी लावून, ती भाषा उलगडली आणि तिच्यावर आधारलेला 'साम्बा' हा मुक्त कार्यक्रम १९९२ मध्ये लोकांहाती दिला. पुढे युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालविलेल्या खटल्याची परिणती होऊन २००७ च्या डिसेंबरात साम्बाच्या मंडळीला त्या भाषेचे अधिकृत दस्तऐवज मिळाले. आज राउटरच्या पाठीमागील यूएसबी खाचेत हार्ड डिस्क खोचली असता ती घरातल्या सर्व संगणकांवर दिसू लागते, त्यामागे बहुधा या साम्बाचाच वावर असतो.

अधिकाराची रचना समजावयास जुन्या मामलेदार कचेरीतला दप्तरखाना डोळ्यांसमोर आणावा. दप्तरखान्याच्या दाराशी कारकून बसे आणि कोणाला आत सोडावयाचे ते पाही. आत गेल्यावर अमुक एक रुमाल सोडून त्यातले कागद वाचावयाचे तर त्यास निराळा हुकूम लागे, आणि कागदावर नवी नोंद करावयाची तर त्याहून निराळा. विंडोजचा संगणक याच धर्तीवर दोन ठिकाणी तपासणी करतो. फोल्डर 'शेअर' करताना जी परवानगी दिली जाते ती दाराची. आणि त्याच फोल्डरच्या 'सिक्युरिटी' या पानावर जी नोंदलेली असते ती रुमालाची. दोन्हींपैकी जी अधिक कडक, तिचाच अंमल चालतो. सहसा गृहस्थ दाराची परवानगी 'सर्वांस पूर्ण अधिकार' इतकी सैल करतो, आणि तरीही 'प्रवेश नाकारला' असा शेरा आला की चकित होतो, कारण रुमालाकडे त्याचे लक्षच गेलेले नसते. त्याच यंत्रासमोर बसून फाइल उघडली तर दाराचा संबंध येत नाही, फक्त रुमालाचा येतो. म्हणून 'येथे तर उघडते, तेथून का नाही?' या नित्याच्या तक्रारीतून उत्तराची निम्मी दिशा मिळते.

दाराशी प्रथम ओळख पटवावी लागते, आणि येथे दोन खोड्या विशेष त्रासदायक आहेत. घरातल्या संगणकाला पासवर्ड कशाला हवा, असे म्हणून ज्यांनी तो रिकामा ठेवला आहे, त्यांना विंडोज समोर बसून काम करू देते, पण दुसऱ्या यंत्रावरून त्याच नावाने येऊ देत नाही. रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला नेटवर्कवरून मज्जाव हा तिचा मूळ शिरस्ता आहे. दुसरी खोडी पिनची. हल्ली संगणक चार किंवा सहा अंकांच्या पिनने उघडण्याची सवय झाल्यामुळे दुसऱ्या यंत्राने पासवर्ड विचारला की माणूस तोच पिन टंकित करतो, तो नाकारला जातो, आणि पुन्हा टंकित करतो. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून विचारला जातो तो खात्याचा खराखुरा पासवर्ड, जो कित्येकांनी खाते उघडल्या दिवशी एकदाच लिहिला व विसरून टाकला. सर्वांत निर्वेध उपाय हा, की फायली ज्या यंत्रावर आहेत त्यावर केवळ देवाणघेवाणीसाठी एक साधे स्थानिक खाते उघडावे, त्याला पासवर्ड द्यावा, एकच फोल्डर त्या खात्यासाठी खुला करावा, आणि इतर यंत्रांवरून त्याच खात्याच्या नावाने प्रवेश करावा. मायक्रोसॉफ्टने हा सारा खटाटोप झाकण्यासाठी २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर 'होमग्रुप' नावाची सोय दिली होती, तीत एकाच सामाईक पासवर्डाने सर्व संगणक जुळत. २०१८ मध्ये ती काढून टाकण्यात आली, आणि तिच्या जागी इंटरनेटवरून फायली ठेवण्याच्या सेवेची शिफारस झाली. घरातला व्यवहार घरात ठेवणारी एक चांगली व्यवस्था मोडून तो परक्या दप्तरात दाखल करण्याचा हा सल्ला प्रस्तुत लेखकास पटलेला नाही.

कडकपणा मात्र निष्कारण नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक वेठीस धरले, ते एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतील एका दोषाच्या वाटेने; त्या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, पण असंख्यांनी ती बसविलीच नव्हती. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या दुसऱ्या अशाच कार्यक्रमाने तीच वाट धरली, आणि त्याचा तडाखा थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बसला: न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूह चालवीत असलेल्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. या अनुभवांनंतरच्या विंडोजमध्ये ती पहिली आवृत्ती मुळातून बसविलेलीच नसते. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली, नेटवर्कला जोडण्याची डिस्क नव्या लॅपटॉपवर दिसेनाशी होते त्याचे हेच कारण. ती बिचारी जुनीच बोली बोलत असते. तिच्यासाठी जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला जागोजागी आढळतो, तो मानू नये, डिस्क बदलावी.

राउटरच्या पासवर्डाचीही गोष्ट तशीच. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना जो धमकीचा ई-मेल आला, त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत पोहोचले, आणि तेथील असुरक्षित बिनतारी जोडणीचा त्रयस्थांनी वापर केल्याचे निष्पन्न झाले. लहर भिंतीबाहेर जाते हे एकदा मान्य केले की कुलूप लहरीलाच घालावे लागते. वेप ही पहिली कुलूपपद्धती २००१ मध्येच निकामी ठरली होती. राउटरच्या यादीत ती अजूनही दिसत असेल तर तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये, डब्ल्यूपीए२ अथवा २०१८ पासूनची डब्ल्यूपीए३ निवडावी.

एवढे सारे जुळून आल्यावर आणि एका खोलीतले फोल्डर दुसऱ्या खोलीत निमूटपणे उघडू लागल्यावर दोन सावधगिरीच्या गोष्टी उरतात. आपल्या संगणकावरची फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये पडून राहते आणि पश्चात्तापास वाव असतो. नेटवर्कवरून उघडलेल्या फोल्डरमधली फाइल पुसली तर ती सहसा कोठेही न थांबता कायमची जाते. म्हणून मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या खात्यांना त्या फोल्डरवर केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा एखाद्यालाच असावा. दुसरी गोष्ट एकच फाइल दोघांनी एका वेळी उघडण्याची. वर्डमध्ये फाइल उघडली की तो कार्यक्रम तिच्या शेजारी एक छोटी, लपलेली फाइल करून ठेवतो; तिचे नाव टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होते, आणि फाइल सध्या कोणाच्या हाती आहे त्याचे नाव तिच्यात लिहिलेले असते. दुसरा कोणी तीच फाइल उघडू गेला तर वर्ड ती छोटी फाइल वाचून त्याला फक्त वाचण्याची मुभा देतो. काम संपवून फाइल मिटली की ती छोटी फाइल आपोआप नाहीशी होते. परंतु मध्येच वीज गेली आणि फाइल उघडणारा मेजावरचा संगणक बंद पडला, तर ती पलीकडच्या डिस्कवर तशीच राहून जाते. आणि वीज आल्यावर पुन्हा लिहावयास बसलेल्याला संगणक अदबीने कळवितो, की ही फाइल अमुक यांच्या वापरात आहे. तो अमुक म्हणजे कित्येकदा विचारणारा स्वतःच असतो. अशा वेळी राउटरवर राग न काढता वर्ड बंद करावा, लपलेल्या फायली दाखविण्याची निवड चालू करून ती छोटी फाइल तेवढी पुसून टाकावी, आणि मूळ फाइल पुन्हा उघडावी.